मुक्कामाचा दिवस

सायकलीवरून दूरचा प्रवास करू इच्छिणारी मंडळी नकाशा पुढे घेतात, घाट मोजतात, रोजच्या मजला ठरवितात. परंतु मध्ये एखादा दिवस चाक फिरवावयाचेच नाही, ही तजवीज फार थोडे लोक करतात. तरुणांना तर असा दिवस म्हणजे दुबळेपणाची कबुलीच वाटते. वस्तुतः या कामात जे पट्टीचे, त्यांची रीत निराळी आहे. फ्रान्सची सायकल-प्रदक्षिणा 1903 साली प्रथम झाली, तेव्हा तिच्या मजला अवघ्या सहा होत्या. पण त्यांतील चार मजला प्रत्येकी चारशे किलोमीटरांहून लांब असल्यामुळे दोन मजलांच्या मध्ये एक ते तीन दिवसांचा विसावा ठेवावा लागला. आज मजला एकवीस झाल्या आहेत, तरी विसाव्याचे दोन दिवस राखून ठेवलेले असतातच. स्नायूंत साठविलेली साखर एकदा खर्ची पडली म्हणजे ती भरून येण्यास एक अहोरात्र, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो. तोंडाने कितीही शौर्य गाजविले तरी पाय हा हिशेब विसरत नाहीत.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे 18 मार्च 1928 रोजी प्रदक्षिणा पुरी करून परतले. एकूण अंतर सुमारे 71,000 किलोमीटर. आता वाचकांनी सहज भागाकार करून पाहावा. साडेचार वर्षांस एक महिना कमी, म्हणजे सोळाशेंहून काही अधिक दिवस. दिवसाला सरासरी 44 किलोमीटर. इराणचे वाळवंट आणि आल्प्स पर्वत ओलांडणाऱ्या या गड्यांना दिवसाला याच्या दुप्पट जाणे अवघड नव्हते. तेव्हा उघडच आहे की, त्यांचे पुष्कळसे दिवस चाकावर नव्हे, तर आगबोटीत आणि गावोगावच्या मुक्कामांत गेले असले पाहिजेत. जग पाहिले असे ज्यास म्हणावयाचे, ते त्यांनी बहुधा त्या मुक्कामांतच पाहिले असेल. चाकावर बसलेला मनुष्य रस्ता पाहतो; गाव पाहण्यासाठी त्यास खाली उतरावेच लागते.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, विसाव्याच्या दिवशी पाहावे काय?

गेल्या जानेवारीत आम्ही चौघेजण कोल्हापुराहून आंबा घाटाने रत्नागिरीस उतरलो आणि तेथून किनारा धरून उत्तरेकडे आलो. जयगडची खाडी, दाभोळची खाडी, बाणकोटची खाडी, राजपुरीची खाडी, सर्व फेरीबोटींतून ओलांडल्या. त्या मार्गाचे वर्णन पूर्वी पुष्कळांनी केलेले असल्यामुळे येथे करीत नाही. आठव्या दिवशी सायंकाळी पनवेलीहून वाशीच्या पुलावर आलो, तेव्हा ओहोटी लागली होती आणि खाडीच्या चिखलात गुलाबी रंगाची एक लांबच लांब रेघ दिसत होती. ते रोहित पक्षी. हिवाळ्यात ते ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरतात. खाडीचा हा भाग 2015 साली त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली रामसर पाणथळींच्या जागतिक यादीतही गेला. पूल उतरून मानखुर्द मागे टाकले आणि अंधार पडता पडता गोवंडीस पोहोचलो. आमच्यातील एकाची मावशी देवनारला राहते. नववा दिवस तिच्याकडे विसावा घ्यावयाचा आणि दहाव्या दिवशी ठाण्यावरून कसाऱ्याच्या घाटाकडे निघावयाचे, असा बेत होता.

रात्री जेवणे झाल्यावर वाद निघाला. दोघांचे म्हणणे असे की, सकाळी लोकल गाठून फोर्टात जावे, वस्तुसंग्रहालय पाहावे, राजाबाई टॉवर पाहावा, अपोलो बंदरावर चहा घ्यावा आणि परत यावे. गोवंडीत पाहावयाचे काय? कचऱ्याचा डोंगर आणि कत्तलखाना! मावशी ताटे आवरीत होत्या. त्या म्हणाल्या, "मी इथं तीस वर्षं राहते आहे. माझ्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा सकाळी उठून एकच गोष्ट विचारतो, स्टेशन कुठल्या बाजूला? गोवंडी बघायला म्हणून कुणी आलेलं मला तरी ठाऊक नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती; पण वाद मात्र तेथेच मिटला. शिवाय हरिहरेश्वराकडील चढावर एका सायकलीच्या मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या होत्या व रिम डुलू लागली होती. ते काम फोर्टात होणारे नव्हते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. सुखवस्तू घरांतील माणसांनी दरिद्री वस्तीत फेरफटका मारावा आणि घरी येऊन हळहळावे, हा एक प्रकारचा विलासच नव्हे काय? आमच्या मते तो विलास आहेच. परक्याची अडचण हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, आणि हातात कॅमेरा घेऊन कोणाच्या दारात उभे राहणे हा असभ्यपणा होय. परंतु काम घेऊन गेलेला मनुष्य प्रेक्षक नसतो; तो गिऱ्हाईक असतो. त्याला वाट विचारावी लागते, भाव विचारावा लागतो, थांबावे लागते. आणि समोरच्यालाही त्याच्याकडे पाहून आपले मत बनविता येते. सायकलवाल्याचे एक भाग्य असे की, त्याच्या वाहनास नेहमी काही ना काही झालेलेच असते.

शिवाजीनगरच्या गल्ल्या सरळ आखलेल्या आहेत. शहराच्या निरनिराळ्या भागांतून उठविलेल्या लोकांना 1970 नंतरच्या काळात येथे जागा आखून दिल्या गेल्या, म्हणून हा सरळपणा. शेजारच्या बैंगनवाडीचे नाव पूर्वीच्या वांग्यांच्या मळ्यांवरून पडले, असे लोक सांगतात. तेथे एका वळणावर सायकलीचे दुकान सापडले. दुकान म्हणजे काय, तर एक फळी, पाण्याचे घमेले, छर्ऱ्यांचा डबा, ग्रीसने काळी झालेली चिंधी आणि छपराला उलट्या टांगलेल्या पाच सायकली. दुकानदार साठीच्या पलीकडचे गृहस्थ. त्यांनी चाक फिरवून पाहिले, नखाने एकेक तार वाजविली आणि म्हणाले, "दोन तारा टाकतो, आऊट काढून देतो. चार वाजता या."

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आमच्यातील एकाने दुप्पट मजुरी देऊ केली. त्यावर ते हसले आणि छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "ती पाववाल्याची आहे, तिला तीनच्या आत जायला पाहिजे. तिच्या बाजूची भंगारवाल्याची. तुम्ही दुप्पट दिले तरी शिळा पाव कोण खाणार, साहेब? तुमचा तर सुटीचा दिवस आहे ना?"

या उत्तरावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. सायकल महाराष्ट्रात आली तेव्हा ती मोठ्या लोकांची चैन होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्या काळी सायकल बाळगणे व ती चालविता येणे ही मिरविण्याची गोष्ट होती. पुढे ती कारकुनाची झाली, शिक्षकाची झाली, पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. वाचकांच्या घरोघरी आजोबांच्या सायकलीची एखादी आठवण असेलच. नंतर आपण स्कूटरवर बसलो, मोटारीत बसलो, आणि सायकल पाववाल्याकडे गेली. आता आपल्यापैकी काहीजण वैद्यांच्या सल्ल्याने वा हौसेने पुन्हा तिच्याकडे वळले आहेत. पण ती मधल्या काळात रिकामी बसलेली नव्हती. ती कोणाचे तरी पोट भरीत होती आणि अजूनही भरीत आहे. तिच्या रांगेत आमचे चाक तिसरे लागले, यात अन्याय असा काही नव्हता.

थांबावयाचे म्हणून तेथेच बाकावर बसलो. हळूहळू गृहस्थ बोलू लागले. त्यांचे बालपण तुर्भ्याजवळच्या जनता कॉलनीत गेले. ती वस्तीची जागा अणुशक्ति-केंद्रास हवी होती. 17 मे 1976 रोजी, आणीबाणीच्या काळात, ती उठविण्यात आली आणि हजारो लोकांना पलीकडे चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन घातले. "माझ्या बापाने घराचे पत्रे सायकलीवरून नेले," ते म्हणाले. "एका खेपेला दोन पत्रे. मी मागून धरून चालत होतो. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर होता." एवढे बोलून त्यांनी पुन्हा मान खाली घालून काम सुरू केले. तीच सायकल पुढे विकली काय, असे विचारावेसे वाटले; पण विचारले नाही.

चारपर्यंतचा वेळ आम्ही पायी हिंडण्यात घालविला. मावशींनी सांगितलेली एक लहानशी खरेदी होती. ब्लाऊजाच्या जरीकामाचे एक माप कारागिराकडे पोहोचवावयाचे होते. त्यानिमित्ताने एका माळ्यावरील कारखान्यात जाणे झाले. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसविलेले आणि तिच्या चारी बाजूंना आठ-दहा तरुण मांडी घालून बसलेले; बहुतेक बिहार व बंगालकडचे. कापडाच्या वरून आकडीची सुई, खालून दुसऱ्या हाताने धागा. लग्नसराईतील शालू-घागऱ्यांवरचे जे काम आपण दादरच्या दुकानांत काचेआडून पाहतो आणि "किती नाजूक!" म्हणून वाखाणतो, त्यापैकी पुष्कळ या गल्ल्यांतून होते. ज्या घरांतून वधूच्या अंगावर ते वस्त्र चढते, त्या घरांतील किती लोकांना गोवंडी हे नाव त्या वस्त्राशी जोडता येईल?

गल्लीच्या टोकाशी आलो आणि समोर तो डोंगर उभा राहिला. वर घारी घिरट्या घालीत होत्या. आत जाण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. त्याचा इतिहास मात्र प्रत्येक मुंबईकराने, नव्हे, मुंबईस जाऊन-येऊन असणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगा आहे. 1896 साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि घाणीची भीती शहराच्या मनात बसली. कचरा वस्तीपासून दूर न्यावयाचा, तर तो पूर्वेकडील दलदलीत न्यावा, असे ठरत गेले. कुर्ल्याहून चेंबूरकडे येणारा लोहमार्ग 1906 च्या सुमारास घातला गेला, तो माणसांसाठी नव्हे, कचऱ्याच्या गाड्यांसाठी. उतारूंसाठी तो 1924 साली खुला झाला. म्हणजे आज ज्या हार्बर मार्गाने गोवंडीकर कामावर जातात, त्याच्या या तुकड्यावरून पहिला प्रवास शहराच्या केरानेच केला. 1927 सालापासून देवनारची ही जागा कचराभूमी म्हणून चालत आली. येथे साठलेला केर सुमारे 185 लाख टन असल्याचा महापालिकेचा अंदाज आहे. 2016 च्या जानेवारी अखेरीस या ढिगास आग लागली, तेव्हा तिचा धूर अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मावशी त्या आठवड्यात ओले पंचे खिडक्यांना लावून बसल्या होत्या. आता शहराचा बराचसा केर कांजूरमार्गास जातो. येथला जुना ढीग हलविण्याचे कामही महापालिकेने हाती घेतले आहे.

ढिगाच्या अलीकडे, एका पत्र्याच्या आडोशाला, एक प्रौढ बाई प्लास्टिक निवडीत बसल्या होत्या. वाट विचारण्याच्या निमित्ताने थांबलो. त्यांच्यासमोर सात निरनिराळे ढीग होते. आमच्यातील एकाने विचारले, "मावशी, हे ओळखता कसं?" त्यांनी एक तुकडा उचलून कानाशी चुरगाळला, दुसरा चुरगाळला, आणि म्हणाल्या, "आवाज वेगळा येतो ना. हा कडक, हा नरम. कडक-नरम मिसळलं तर शेठ दोन्हीचा भाव नरमाचाच देतो." आम्ही चौघेही पदवीधर, त्यांपैकी एक तर रसायनशास्त्राचा. त्याने ते दोन तुकडे हातात घेऊन पुनःपुन्हा चुरगाळून पाहिले. त्यास फरक ऐकू आला तो तिसऱ्या खेपेस.

मग त्या बाईंनी आमच्या पाठपिशवीच्या बाजूस खोवलेले बिस्किटांचे रिकामे वेष्टन पाहिले. "हे मात्र कुणी घेत नाही," त्या म्हणाल्या. "आतून चांदीसारखं असतं ते. त्याला भाव नाही." रत्नागिरीपासून येथवर अशी किती वेष्टने आम्ही ठिकठिकाणच्या टोपल्यांत टाकली असतील, याचा हिशेब आम्ही ठेवलेला नव्हता.

परतताना नटवर पारेख कंपाउंडवरून आलो. सात-सात मजली इमारती, आणि दोहोंमधील अंतर कोठे कोठे जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारी दिवे लागलेले दिसले. शहरातील रस्ते रुंद करताना जी घरे आड आली, त्या घरांतील कुटुंबे येथे व अशाच आणखी वसाहतींत आणून वसविली आहेत. ज्या घरांत ऊन व वारा कमी, तेथे क्षय अधिक, असे या वसाहतींची पाहणी करून डॉक्टरांनी व अभ्यासकांनी 2018 साली दाखवून दिले. ही गोष्ट सायकलवाल्याने विशेष ध्यानात ठेवावी, असे आम्हांस वाटते. रुंद रस्ता मिळाला म्हणजे आपण सरकारचे आभार मानतो. त्या रुंदीची किंमत कोणी तरी उन्हाच्या रूपाने भरलेली असते, हे आपल्या कानी येत नाही. याच कंपाउंडात 2023 च्या फेब्रुवारीत गोवंडी कला महोत्सव भरला होता. तेथील मुलामुलींनी त्यात छायाचित्रे, गाणी, नाटक सादर केले. भिंतींवर चित्रे काढली. आमच्या मते एखादी वस्ती स्वतःविषयी बोलू लागली म्हणजे बाहेरच्याने हळहळण्याचे काम थांबवून ऐकण्याचे काम सुरू करावे.

आणि हेही ध्यानात असू द्यावे की, हे सर्व एका लहानशा वर्तुळात आहे. देवनारलाच समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था आहे. 1936 साली नागपाड्यास स्थापन झालेली ही संस्था 1954 साली येथे आली. गोवंडी स्टेशनाच्या रस्त्यावर लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे. दक्षिणेस तुर्भ्याच्या डोंगराआड 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी चालू झाली. ज्यास देशाची बुद्धि म्हणतात आणि ज्यास देशाचा केर म्हणतात, ती दोन्ही शहराने एकाच दिशेला, एकाच खाडीच्या काठी, परस्परांच्या हाकेच्या अंतरावर ठेवली आहेत. रोहित पक्ष्यांविषयीही अभ्यासकांचे असे मत आहे की, शहराच्या सांडपाण्यामुळे खाडीत जे शेवाळ माजते, तेच त्यांना येथे बोलावते. म्हणजे पुलावरून आम्ही जी गुलाबी रेघ पाहून हरखलो होतो, तीही काही अंशी या शहराने टाकून दिलेल्या गोष्टींवर पोसलेली आहे. निसर्ग टाकलेल्याचे असे काहीतरी करतो. आपण मात्र ते दृष्टीआड झाले की संपले, असे धरून चालतो.

ज्या वाचकांस पुढेमागे असा प्रवास करावयाचा असेल, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. विसाव्याच्या दिवशी अंथरुणात लोळून राहू नये. पाय जड होतात. शर्यतीतले लोकही त्या दिवशी तास-दोन तास हलके चाक फिरवितात. आपण पायी हिंडावे. कपडे सकाळीच धुऊन वाळत घालावे, सायकल मात्र त्याहूनही आधी दुरुस्तीस द्यावी. कारण तुमच्या आधी कोणाची तरी सायकल टांगलेली असणारच. पोटभर वरण-भात जेवावे, दुपारी थोडे निजावे. आणि शहर पाहावयाचे ते कामे घेऊन पाहावे: चाक, चप्पल, सुई-दोरा, औषध, टपाल. संग्रहालय पुन्हा केव्हाही पाहता येते. ते आपली वाट पाहत बसलेलेच असते.

सव्वाचार वाजता चाक तयार झाले. डुलणे पार गेले होते. मजुरी ठरली तेवढीच घेतली. वर काही देऊ केले ते परत केले, चहा मात्र घेतला. घरी आल्यावर मावशींच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन डबे दिसले, एकात ओले, एकात सुके. ते तेथे नेहमीच होते. रात्री आमच्यातील रसायनशास्त्रज्ञाने सुक्या डब्यातील दोन पिशव्या काढून कानाशी धरल्या, तेव्हा मावशी म्हणाल्या, "काय रे, पाय दुखायचे सोडून कान दुखायला लागला का?"

दहाव्या दिवशी पहाटे पाचला घाटकोपरच्या रस्त्याने निघालो. उजाडले नव्हते. पाठीमागून घंटा वाजली आणि एक सायकल आम्हां चौघांना मागे टाकून पुढे गेली. कॅरिअरवर पावाच्या लाद्यांचा मोठा गाठोडा, हँडलच्या दोन्ही बाजूंस भरलेल्या पिशव्या. काल छपराला टांगलेल्यांपैकी हीच ती, हे तिच्या तुटक्या मडगार्डावरून ओळखले. चालविणाऱ्याने मागे वळून पाहिले नाही. आम्ही काही अंतर त्याच्या मागोमाग जाण्याचा प्रयत्न केला. परंतु नऊ दिवसांच्या प्रवासाने तयार झालेल्या आमच्या पायांना ते साधले नाही.

कसाऱ्याच्या घाटाची हकीकत पुढील अंकी.